डबीमागे दोन पै

२५ ऑगस्ट २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘स्वीडिश मॅच एबी विरुद्ध सेबी’ या खटल्याचा निकाल दिला. कंपनी कायद्याचे अभ्यासक तो अजूनही वाचतात. अंबरनाथकराने तो वाचायचे कारण मात्र निराळे आहे. त्या निकालात दोन आकडे येतात : ५२.११ आणि २१.८९. पहिला स्वीडिश गटाकडचे भाग दाखवतो, दुसरा त्याच्या भारतीय भागीदाराकडचे, म्हणजे निकालात ज्याला एव्हीपी गट म्हटले आहे त्याच्याकडचे. दोहोंची बेरीज बरोबर ७४ टक्के. हे ७४ टक्के ज्या कंपनीचे, ती विम्को. पूर्ण नाव वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी. अंबरनाथ पश्चिमेला ‘विम्को नाका’ म्हटले की रिक्षावाला पुढे काही विचारत नाही. तो नाका या कंपनीच्या आगपेटीच्या कारखान्यावरून नाव घेऊन बसला आहे.

स्टॉकहोमच्या कंपनीचे अंबरनाथमध्ये काय काम होते, ती मालकी कशी आली, कशी झिजली आणि शेवटी विकून का गेली, हे जुळवायचे तर कंपनीच्या गौरवपुस्तिकेपेक्षा परक्या कागदांवर भिस्त ठेवणे मला बरे वाटते. जकातीचे दरपत्रक, चौकशी मंडळाचा अहवाल, अबकारीची अधिसूचना, न्यायालयाचा निकाल. यांपैकी एकालाही अंबरनाथबद्दल काही सिद्ध करायचे नव्हते. म्हणूनच त्यांची साक्ष मोलाची.

सर्वांत जुना कागद जकातीचा. १९२१ मध्ये आयात आगपेट्यांवरची जकात ग्रोसमागे १२ आणे ठरली. पुढच्याच वर्षी, १९२२ च्या अंदाजपत्रकात, ती दुप्पट होऊन दीड रुपया झाली. ग्रोस म्हणजे १४४ डब्या. दीड रुपयाचे आणे २४, आण्याचे पै १२, म्हणजे एकूण २८८ पै. भागून पाहा : डबीमागे नेमके दोन पै. हा हिशेब इतका स्वच्छ बसतो की दर ठरवणाऱ्याने डबीच डोळ्यांपुढे ठेवली असावी असे मला वाटते. हे अर्थात अनुमान. निश्चित आहे ते एवढेच, की ही वाढ देशी उद्योगाला आधार द्यावा म्हणून झालेली नव्हती. महायुद्धानंतर सरकारची तिजोरी तुटीत होती आणि काडेपेटी ही गरिबातल्या गरिबाच्या चुलीपर्यंत पोचणारी वस्तू होती. तिच्यावर कर बसवला की वसुली हमखास.

पण कराला हेतू विचारून परिणाम घडत नाहीत. दोन पैंची ही भिंत उभी राहिली आणि बाहेरून माल आणणाऱ्यांना भिंतीच्या आत कारखाना काढणे फायद्याचे झाले. भारताच्या बाजारात तेव्हा दोन परदेशी नावे मोठी होती, जपान आणि स्वीडन. स्वीडनच्या बाजूला १९१७ पासून एकच संघटित कंपनी होती, आज जिला आपण स्वीडिश मॅच म्हणतो ती. तिच्या शिरोभागी ईव्हार क्रॉयगर हा इंजिनिअर होता. १९२३ मध्ये वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीची भारतात नोंदणी झाली आणि अंबरनाथ तिच्या कारखान्याचे ठिकाण झाले.

१९२३ या सालावर थोडे थांबायला हवे, कारण त्या एका वर्षात तीन ठिकाणी तीन नोंदी होतात आणि पुढची ऐंशी वर्षे या तिन्हींच्या ओढाताणीत जातात. पहिली मुंबईतली, विम्कोची. दुसरी अमेरिकेतली : क्रॉयगरने इंटरनॅशनल मॅच कॉर्पोरेशन ही कंपनी तिथे याच वर्षी स्थापन केली. अमेरिकी गुंतवणूकदारांचा पैसा गोळा करून जगभरच्या आगपेटी-उद्योगात ओतायचा, हे तिचे काम. तिसरी नोंद शिवकाशीची. पी. अय्या नाडार आणि ए. षण्मुग नाडार हे दोघे भाऊबंद १९२२ मध्ये कलकत्त्याला जाऊन आगपेटी करायला शिकून आले आणि १९२३ मध्ये त्यांनी आपल्या कोरडवाहू गावात तो धंदा सुरू केला. त्या वर्षी जर कोणी या तिघांची ताकद तोलली असती, तर शिवकाशीचे पारडे जमिनीला टेकलेच नसते.

अंबरनाथच का? याचे एका ओळीत उत्तर देणारा कागद शोधण्यापेक्षा परिस्थितीची साक्ष काढावी. काडीसाठी उत्तम समजले जाणारे अ‍ॅस्पेनचे लाकूड तेव्हा ओंडक्यांच्या रूपात परदेशातून येई. त्यासाठी बंदर जवळ हवे. मुंबई शहरात जागा महाग, आणि ज्वालाग्राही माल दाट वस्तीत नकोसा. कल्याणहून पुण्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे अंबरनाथ बंदराशी थेट जोडलेले होते, वालधुनीचे पाणी होते, आणि १९१९ मध्ये स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी केमिकल कंपनीने आपला रसायनांचा कारखाना इथेच काढला होता. म्हणजे रसायनांची, यंत्रांची, मजुरांची थोडीफार ये-जा या गावाला ठाऊक होती. शक ९८२ चा शिलालेख ज्याच्या मंदिरावर आहे असे हे गाव. त्याच्या इतिहासाची जुनी साधने दगडात आहेत, नवी सारी जकातीच्या कागदांत.

आता दुसरा कागद, आणि माझ्या मते सर्वांत रंगतदार. १९२१-२२ च्या फिस्कल कमिशनने, ज्याचे अध्यक्ष सर इब्राहिम रहिमतुल्ला होते, देशी उद्योगांना संरक्षण देण्याच्या तीन कसोट्या घालून दिल्या : उद्योगाला इथे नैसर्गिक अनुकूलता असावी, संरक्षणावाचून तो वाढणार नाही अशी स्थिती असावी, आणि कधीतरी तो स्वतःच्या पायावर उभा राहील अशी खात्री असावी. बहुमताच्या या अहवालाला खुद्द अध्यक्षांसह पाच भारतीय सदस्यांनी भिन्नमतपत्रिका जोडली. त्यात घनश्यामदास बिर्ला होते, नरोत्तम मोरारजी होते. परकीय भांडवलाबद्दल त्यांची मागणी अशी : जकातीच्या आडोशाचा लाभ घेणारी कंपनी इथे रुपयांच्या भांडवलात नोंदलेली असावी, तिच्या संचालकांत भारतीय असावेत, भारतीय उमेदवारांना तिने काम शिकवावे. हे १९२२ मध्ये लिहिले गेले. वर्षभरात अंबरनाथने त्या मागणीला प्रत्यक्ष उदाहरण पुरवले.

परिणाम झपाट्याने दिसला. आयात घटू लागली आणि तिच्याबरोबर सरकारचे जकातीचे उत्पन्नही. देशात आगपेटीचे लहानमोठे कारखाने निघाले होते. भारतीय कारखानदारांना भीती होती की महसूल बुडतो म्हणून सरकार जकात खाली आणील. ऑक्टोबर १९२६ मध्ये हा प्रश्न टॅरिफ बोर्डाकडे गेला. जॉन मथाई त्या वेळी बोर्डाचे सदस्य होते, पुढे स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री झाले ते. १९२८ मध्ये अहवाल निघाला आणि साक्षीपुरावेही छापले गेले.

ही चौकशी वाचताना एक विचित्र गाठ समोर येते. संरक्षण मागणारा भारतीय कारखानदार ज्याच्यापासून संरक्षण मागत होता, तो स्पर्धक समुद्रापलीकडे नव्हता. तो अंबरनाथला होता, कलकत्त्याला होता. जकातीची भिंत दोघांनाही सारखाच आडोसा देत होती. देशी कारखानदारांचा आक्षेप असा की या परदेशी संघाकडे इतका पैसा आहे की हवा तितका काळ भाव पाडून तो इतरांना बाजारातून उठवील. शिवाय लाकडाचा प्रश्न होताच : ओंडके बाहेरून आणून केलेली काडी ‘देशी’ कशी? सावरीसारख्या इथल्या लाकडावर काम भागते का, काडी सरळ निघते का, डबीचा पातळ पापुद्रा तुटतो का, अशा बारीक गोष्टींत बोर्डाला शिरावे लागले, कारण नैसर्गिक अनुकूलतेची कसोटी त्यावरच लागणार होती.

निर्णय काय झाला हे निश्चित आहे. बोर्डाने ग्रोसमागे दीड रुपया हाच दर संरक्षक जकात म्हणून कायम ठेवायला सांगितले आणि १९२८ च्या मॅच इंडस्ट्री (प्रोटेक्शन) अ‍ॅक्टने त्यावर शिक्कामोर्तब केले. जो कर तिजोरीसाठी जन्मला त्याला सहा वर्षांनी संरक्षणाचे नाव मिळाले. त्या आडोशात सर्वांत मोठा कारखानदार परदेशी मालकीचा होता, आणि कायद्याने त्याला वगळले नाही.

विम्कोची भरभराट ही अशी घडली. अंबरनाथपाठोपाठ बरेली, कलकत्ता, मद्रास आणि आसामातले धुबरी येथे गटाचे कारखाने झाले. स्वीडिश इतिहासकार हान्स मोडिग यांनी १९७९ मध्ये दोन महायुद्धांमधल्या काळातील स्वीडिश मॅचच्या ब्रिटिश हिंदुस्थानातील हितसंबंधांवर एक अख्खे पुस्तक लिहिले, यावरून तिकडच्या हिशेबात या देशाची जागा किती मोठी होती ते कळते.

पण तो हिशेब खरा होता का? इथे अंबरनाथहून नजर पॅरिसकडे वळवावी लागते. क्रॉयगरची पद्धत अशी की अडचणीतल्या सरकारांना मोठे कर्ज द्यायचे आणि बदल्यात त्या देशात आगपेटीचा एकाधिकार मिळवायचा. १९२५ मध्ये पोलंड, १९२७ मध्ये फ्रान्सला साडेसात कोटी डॉलर, १९२९ मध्ये जर्मनीशी साडेबारा कोटी डॉलरचा करार. हे पैसे गुंतवणूकदारांकडून येत, आणि त्यांना चढे लाभांश मिळत ते बव्हंशी पुढच्या गुंतवणूकदारांच्या पैशातून. १२ मार्च १९३२ रोजी क्रॉयगर पॅरिसच्या आपल्या घरात गोळी लागून मृतावस्थेत सापडला. त्यानंतर हिशेब तपासायला प्राइस वॉटरहाउसची माणसे बसली. तिजोरीत इटली सरकारच्या नावाचे ४२ रोखे मिळाले, प्रत्येकी पाच लाख पौंडांचे. सारे बनावट. इटालियन अधिकाऱ्याच्या म्हणून ज्या सह्या होत्या, त्यांत त्याच्या नावाची अक्षरेसुद्धा सगळीकडे सारखी नव्हती. जगभरच्या बँकर्सना जे वर्षानुवर्षे दिसले नाही ते एका आडनावाच्या स्पेलिंगने उघडे पाडले; साधनांवर काम करणाऱ्या कोणालाही हा तपशील वाचून रोमांच वाटेल.

क्रॉयगर अँड टोल आणि अमेरिकेतली इंटरनॅशनल मॅच या दोन्ही कंपन्या त्याच वर्षी दिवाळखोरीत गेल्या. स्वीडिश मॅच मात्र पुनर्रचनेतून वाचली, आणि तिच्याबरोबर विम्कोही. का वाचली, याचे माझे वाचन असे : खोटे होते ते रोखे, काड्या खऱ्या होत्या. अंबरनाथचा नफा कर्जाच्या करारावर उभा नव्हता; तो दोन पैंच्या जकातीवर आणि रोज खपणाऱ्या डबीवर उभा होता. मालकाच्या घरी एवढी पडझड होऊनही भारतातले कारखाने चालत राहिले, ही वस्तुस्थिती या वाचनाला आधार देते.

१९३४ मध्ये कराची दिशा बदलली. अर्थसदस्य जॉर्ज शुस्टर यांनी साखर आणि आगपेटी या दोन देशी मालांवर अबकारी कर बसवला. मॅचेस (एक्साइज ड्यूटी) अ‍ॅक्ट हा त्याच वर्षीचा. आयात आटल्यामुळे जकातीचे जे उत्पन्न बुडाले ते आता देशातल्या उत्पादनातून काढायचे होते. कर भरल्याची खूण म्हणून डबीवर बँडरोल नावाची कागदी पट्टी चिकटवावी लागे. छापचित्रे जमवणाऱ्यांच्या वह्यांत अशा पट्ट्या अजून सापडतात. मला त्या चित्रांहून जास्त बोलक्या वाटतात, कारण १९२२ मध्ये ज्या सरकारने कारखान्याबाहेर भिंत बांधली, ते १९३४ मध्ये कारखान्याच्या आत येऊन प्रत्येक डबी मोजू लागले, याचा तो मूळ पुरावा आहे.

मोजणाऱ्याला भेद करता येतो. अबकारी दरात मोठा यांत्रिक कारखाना आणि लहान हातकामाचा कारखाना असा फरक सुरू झाला आणि स्वातंत्र्यानंतर तो धोरण म्हणून पक्का झाला. या बाबतीत माझा मुख्य साक्षीदार म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा १९७४ चा परमेश्वरन मॅच वर्क्स खटल्याचा निकाल. विम्को त्यात पक्षकार नाही. एका लहान कारखान्याने सवलतीचा दर मिळत नाही म्हणून दाद मागितली होती. ४ सप्टेंबर १९६७ च्या अधिसूचनेने ज्यांचे उत्पादन वर्षाला साडेसात कोटी काड्यांच्या आत राहील अशांना कमी दर दिला होता, आणि ज्यांनी त्या तारखेपूर्वी तसे घोषित केले त्यांनाच. न्यायालयाने ही तारखेची अट वैध ठरवली.

साडेसात कोटी ही संख्या ऐकायला प्रचंड वाटते. ५० काड्यांची डबी धरली तर वर्षाला १५ लाख डब्या होतात. वर्षाचे ३०० कामाचे दिवस धरले तर दिवसाला ५,०००, म्हणजे जेमतेम ३५ ग्रोस. अंबरनाथच्या यंत्रांच्या दृष्टीने हे काहीच नव्हे. जो सवलतीस पात्र तो किती लहान असावा हे या संख्येतून कळते, आणि विम्को या शिडीच्या कोणत्या टोकाला होती तेही. उत्पादन वाढवावे तर दर चढा; आणि उत्पादन कमी ठेवायचे तर एवढी यंत्रे कशासाठी? ज्या गुणामुळे १९२३ मध्ये ही कंपनी सर्वांच्या पुढे होती, त्याच गुणामुळे आता ती दरपत्रकात सर्वांत महागड्या रांगेत बसली.

या धोरणामागचा विचार मला चुकीचा वाटत नाही. हाताच्या कामाला संरक्षण देऊन रोजगार वाढवणे हा स्वतंत्र देशाचा अधिकार होता, आणि शिवकाशी-सातूरच्या दुष्काळी पट्ट्याला त्याने अन्न दिले. पण त्या सवलतीची दुसरी बाजूही कागदावर आहे. १० डिसेंबर १९९६ चा एम. सी. मेहता विरुद्ध तमिळनाडू हा निकाल शिवकाशीच्या आगपेटी-उद्योगात राबणाऱ्या मुलांबद्दलच आहे. स्वस्त काडीची पूर्ण किंमत अबकारीच्या तक्त्यात कधीच नोंदलेली नव्हती.

अंबरनाथमध्ये या दशकांत आजूबाजूचे सारे बदलले. १९४९ मध्ये शेजारच्या कल्याण कॅम्पाचे उल्हासनगर झाले, सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी तिथे शेकडो लहान उद्योग काढले; बदलापूरपर्यंत लोकलच्या मार्गावर वस्ती पसरत गेली. ‘शिप’ आणि ‘होमलाइट्स’ या विम्कोच्या डब्या देशभर घरोघरी होत्या. कंपनीने आपल्या लाकडासाठी उत्तरेत तराईच्या शेतकऱ्यांकडून पॉप्लर लावून घेतले; तो उपक्रम वनशेतीच्या अभ्यासात आजही दाखल्यासाठी घेतला जातो. मात्र डबी ही अशी वस्तू की तिचा भाव पाच पैशांनीही वाढवणे अवघड, आणि शिवकाशीचा माल शेजारच्याच बरणीजवळ ठेवलेला.

मालक-घराण्याचीही घडी राहिली नव्हती. १९८८ मध्ये स्टोरा या स्वीडिश कागद-कंपनीने स्वीडिश मॅच घेतली. नंतर ती आणखी हातांतून फिरून १९९६ मध्ये पुन्हा स्वतंत्रपणे शेअरबाजारात आली. तोवर तिचे लक्ष तपकीर, सिगार, लायटर यांकडे वळले होते. आगपेटी हा तिच्या नावातला शब्द होता, पण धंद्याचे केंद्र राहिला नव्हता.

आता ५२.११ आणि २१.८९ यांचा अर्थ लावता येतो. १९७३ च्या परकीय चलन कायद्याच्या काळात ४० टक्क्यांवर परकीय हिस्सा ठेवायचा तर रिझर्व्ह बँकेची परवानगी लागे, आणि आगपेटीसारख्या उद्योगात ती सहज मिळण्यासारखी नव्हती. तेव्हा ५२ हा आकडा उदारीकरणानंतरच्या जुळवाजुळवीचा आहे, असे मी धरतो. खटल्यातला प्रश्न असा : भारतीय भागीदाराचे २१.८९ टक्के स्वीडिश गटाने घेतले, तर इतर सामान्य भागधारकांकडूनही ठरावीक प्रमाणात भाग विकत घेण्याची खुली देकार-योजना त्याने मांडायला हवी का? कंपनीचे म्हणणे, ७४ टक्के आधीही आमच्या दोघांचेच होते, आता ते एकाकडे आले इतकेच. सेबीचे म्हणणे, १५ ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान असलेल्या माणसाने एवढी मोठी उडी मारली की १९९७ च्या नियमांप्रमाणे खुला देकार आलाच. न्यायालयाने सेबीची बाजू उचलून धरली. दोघांच्या हातातली सत्ता एकाच्या हातात जाणे हाही सामान्य भागधारकाच्या दृष्टीने बदलच असतो.

माझ्या लेखी या निकालाचे खरे महत्त्व त्याच्या तारखेत आहे. पूर्ण ताबा मिळवण्यासाठी स्वीडिश गट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, हरला, आणि पुढच्याच वर्षी, २००५ मध्ये, त्याने विम्कोतला आपला हिस्सा विकून टाकला. घेणारी कंपनी रसेल क्रेडिट, म्हणजे आयटीसीची उपकंपनी. निकालामुळेच विक्री झाली असे कोणत्याही कागदावरून म्हणता येत नाही, आणि दोन तारखा शेजारी आहेत म्हणून कार्यकारण जोडणे हे आपल्या धंद्यातले जुने पाप आहे. पण एवढे नक्की की १९२३ मध्ये सुरू झालेली स्वीडिश मालकी ब्याऐंशी वर्षांनी संपली. पुढे २०१४ मध्ये विम्कोचा अभियांत्रिकी सोडून उरलेला सारा व्यवसाय आयटीसीत विलीन झाला. खुद्द स्वीडिश मॅच २०२२ मध्ये फिलिप मॉरिसच्या ताब्यात गेली.

शेवटचा कागद पुन्हा कराचाच. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हाही जुना भेद कायम होता : हाताने केलेल्या आगपेटीवर ५ टक्के, इतर आगपेटीवर १८. १४ मार्च २०२० च्या बैठकीत जीएसटी परिषदेने तो मोडला आणि १ एप्रिल २०२० पासून दोन्हींवर सारखाच १२ टक्के कर ठरवला. हात आणि यंत्र यांच्यातला जो दरफरक अंबरनाथच्या कारखान्याला अर्धशतकाहून अधिक काळ भोवला, तो दरपत्रकातून नाहीसा झाला तेव्हा स्वीडिश मालकाला हिस्सा विकून पंधरा वर्षे झाली होती.